मध्यरात्रीनंतर तारे पुसट होतात: रात्रीच्या टाइमलॅप्समधल्या दवाचा बंदोबस्त

रात्रीच्या आकाशाचा टाइमलॅप्स, म्हणजे ठरावीक अंतराने काढलेल्या फोटोंचा (फ्रेमचा) पळता व्हिडिओ, करणाऱ्यांची तक्रार जवळपास नेहमी एकाच साच्यातली असते. दिवाळीनंतरची निरभ्र रात्र, हरिश्चंद्रगडाचा माथा किंवा भंडारदऱ्याचा काठ. कॅमेरा दहाच्या सुमारास लावलेला. पहिल्या दोन तासांच्या फ्रेम सुरेख: रोहिणी टोकदार, मृग नक्षत्र पूर्वेकडून वर चढतंय, खाली दरीतले दिवे मोजता येतील इतके स्पष्ट. मग साडेबारा-एकच्या पुढे व्याधाभोवती एक मऊ वलय उमटतं. कृत्तिकांचे सुटे तारे मिसळून एकच धुरकट ठिपका होतो. तीनपर्यंत अख्खं आकाश दुधी काचेतून पाहिल्यासारखं. कॅमेरा बिचारा पहाटेपर्यंत इमानाने क्लिक करत राहिलेला असतो आणि त्यातल्या निम्म्या फ्रेम कचऱ्यात जातात.

यातला खरा त्रास असा की आपण उन्हं वर आल्यावर कॅमेऱ्यापाशी जातो, तेव्हा लेन्स कोरडी असते. पुरावाच शिल्लक नसतो. म्हणून मग फोकसला दोष दिला जातो, लेन्सला दोष दिला जातो, नाहीतर ‘हवा खराब होती’ म्हणून विषय संपतो. पुढच्या अमावस्येला पुन्हा तेच.

दव पडल्यावर पुसणं हा यावरचा उपाय नाही. ते काचेवर धरूच द्यायचं नाही, एवढाच काय तो उपाय आहे, आणि तो फार खर्चिकही नाही. मात्र त्यातल्या गोष्टी ठरावीक क्रमाने कराव्या लागतात. लेन्सला ऊब देणारा हीटर विकत घेऊनही ज्यांच्या फ्रेम बिघडतात, त्यातले बहुतेक जण या क्रमातच चुकतात.

आधी दवच आहे ना, याची खात्री करा

सुरुवातीची एक चांगली फ्रेम घ्या आणि त्यानंतर दर अर्ध्या तासाची एकेक. सगळ्या शंभर टक्के मोठ्या करून शेजारी शेजारी ठेवा. प्रत्येकीत तीन गोष्टी बघायच्या: एखादा ठळक तारा, त्याच्या आसपासचे अंधुक तारे आणि जमिनीवरचा एखादा दिवा.

दव असेल तर ठळक ताऱ्याचा गाभा जागेवर राहतो, पण त्याच्याभोवती वलय पसरतं. अंधुक तारे एकेक करून नाहीसे होतात. गावातल्या दिव्यालाही तसंच वलय येतं, डोंगराची काळी कड राखाडी पडते. हे सगळं फ्रेमागणिक वाढत जातं, मध्येच कमी होत नाही. हीच सगळ्यात भरवशाची खूण.

फोकस सरकला असेल तर चित्र वेगळं दिसतं. तारा फुगून चकती होतो, पण त्या चकतीची कड बऱ्यापैकी स्वच्छ असते आणि आजूबाजूचं आकाश काळंच राहतं. हा प्रकार सहसा मध्यरात्रीची वाट बघत नाही. दिवसभर गाडीत किंवा पाठीवरच्या सॅकमध्ये तापलेली लेन्स पहिल्या तास-दीड तासात गार होते, आकुंचन पावते आणि फोकस हलतो. यावर उपाय साधा: कॅमेरा अर्धा-पाऊण तास उघड्यावर राहू द्यायचा, मग लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावर, तारा मोठा करून फोकस करायचा आणि फोकसच्या रिंगवर चिकटपट्टी लावायची. तुमची अडचण ही असेल तर हीटरवर पैसे घालवू नका.

पातळ, उंचावरचे ढग सगळ्यात फसवे. एकट्या फ्रेमवरून त्यांच्यात आणि दवात फरक करणं अवघड, कारण ठळक ताऱ्यांना तेही वलय देतात. पण फ्रेम पळवून बघितल्या की ढग चालताना दिसतात. आधी एक कोपरा धूसर होतो, मग दुसरा, मग पहिला पुन्हा स्वच्छ होतो. शिवाय समोरच्या वाडीतला दिवा शेवटपर्यंत टोकदार राहतो.

चौथा संशयित चंद्र. कृष्ण पक्षातल्या अष्टमीला तो मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, म्हणजे नेमका दवाच्या वेळेला. आकाश उजळतं, अंधुक तारे दिसेनासे होतात आणि माणूस लेन्स पुसायला धावतो. त्यात वलय मात्र नसतं, आणि जमिनीवरही उजेड पडलेला दिसतो. पंचांग उघडून बघितलं तर हा संशय मिनिटभरात मिटतो.

अजून दोन गोष्टी दवाच्या नावावर खपतात. कॅमेरा लावल्या लावल्या पहिल्या पाच-दहा मिनिटांतच काच धूसर झाली, तर तो एसीचा प्रताप. कोकणात हॉटेलच्या थंड खोलीतून किंवा एसी गाडीतून काढलेला कॅमेरा बाहेरच्या दमट हवेत आला की लगेच घामाघूम होतो. तो बॅगेतच, चेन बंद ठेवून, बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावा. आणि धूसरपणा उन्हं आल्यावरही जात नसेल, बोट फिरवल्यावर चिकट लागत असेल, तर ते समुद्राच्या तुषारांचं मीठ. ते नीट साफच करावं लागतं, त्याला हीटरचा काही उपयोग नाही.

हवा नव्हे, काच थंड होते

‘धुकं नव्हतं, आमचे कपडेही कोरडे होते, मग लेन्सवरच पाणी कुठून आलं?’ हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की लेन्सची पुढची काच भोवतालच्या हवेपेक्षाही थंड झालेली असते. निरभ्र रात्री उघड्यावरची प्रत्येक वस्तू अवरक्त किरणांच्या रूपाने आपली उष्णता आकाशाकडे सोडत असते, आणि मोकळ्या आकाशाकडून तिला परत फारच कमी मिळते. काच या बाबतीत विशेष उधळी. त्यात आपण तिचं तोंड मुद्दाम आकाशाकडे करून तिला तासन् तास तशीच उभी ठेवतो. ती हवेपेक्षा काही अंशांनी खाली जाते, तिला चिकटून असलेल्या हवेचं तापमान दवबिंदूखाली, म्हणजे ज्या तापमानाला बाष्पाचं पाणी होऊ लागतं त्याखाली, उतरतं आणि बाष्प काचेवर बसतं.

हे काही नवं ज्ञान नाही. लंडनमध्ये राहणाऱ्या विल्यम चार्ल्स वेल्स नावाच्या डॉक्टरांनी बागेत रात्री-रात्री लोकरीचे पुंजके ठेवून, ते दवाने किती जड झाले हे तोलून १८१४ मध्ये ही गोष्ट मांडली होती. आकाशाखाली उघडा ठेवलेला पुंजका जास्त भिजतो, आडोशाखालचा कमी. हिवाळ्यात सकाळी आपल्या सोसायटीतही हेच दिसतं: उघड्यावर लावलेल्या गाडीची काच निथळत असते आणि पत्र्याच्या शेडखालची कोरडी. हवा दोघींच्या भोवती एकच.

एक ढोबळ हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. आर्द्रता शंभर टक्क्यांपेक्षा जितकी कमी, त्याला पाचने भागा. तेवढ्या अंशांनी दवबिंदूचं तापमान हवेच्या तापमानाखाली असतं. हवा १६ अंश आणि आर्द्रता ८० टक्के, तर दवबिंदू साधारण १२ अंश. म्हणजे काचेला चार अंश घसरायची मुभा आहे. आर्द्रता ९० टक्के झाली की मुभा उरली दोन अंशांची, आणि निरभ्र, निवांत रात्री दोन अंश म्हणजे काहीच नाहीत. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असेल तोवर हा हिशेब कामापुरता बरोबर येतो.

मोबाइलवरच्या अंदाजातले आकडे मात्र जवळच्या शहराचे असतात, तुम्ही उभे आहात त्या पठाराचे नसतात. आर्द्रता आणि तापमान दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र कॅमेऱ्याच्या उंचीवर टांगून ठेवा. स्वस्तातलं असेल तर आर्द्रतेचा आकडा पाच टक्के इकडेतिकडे धरून चाला. तरीही ते अंदाजापेक्षा खरं बोलतं.

मोसमाचंही गणित आहे. पाऊस नुकताच सरलेला, माती-गवत ओलं आणि आकाश मात्र धुतलेलं, असे ऑक्टोबर-नोव्हेंबर सह्याद्रीत सगळ्यात वाईट. डिसेंबरमध्ये मिथुन राशीतला उल्कावर्षाव गाठायचा असतो. १३-१४ तारखेच्या रात्री तो भरात असतो आणि उत्तररात्रीच जास्त रंगतो, म्हणजे दवाच्या ऐन वेळात. फेब्रुवारी-मार्चमध्ये देशावरच्या बाजूला जरा उसंत मिळते. एप्रिल-मेमध्ये पहाटेच्या आकाशगंगेसाठी घाटमाथ्यावर जाणाऱ्यांना मात्र समुद्राकडून येणारा दमट पश्चिमी वारा पुन्हा गाठतो. लडाखातल्या हानलेची गोष्टच निराळी. साडेचार हजार मीटरच्या आसपासची ती कोरडी हवा दवाला थारा देत नाही, तिथे थंडीने बॅटऱ्या लवकर मान टाकतात. त्यामुळे हानलेला बिनहीटरच्या सेटअपने रात्र काढली म्हणून तोच सेटअप रतनगडावर चालेल असं धरू नका.

जागेने निम्मं काम होतं

थंड हवा जड असते, उतारावरून वाहत खोलगट जागी साठते. तलावाचा काठ, भातखाचरं, दोन टेकड्यांमधली घळ इथे दव लवकर आणि जास्त येतं. भंडारदऱ्याच्या पाण्यात ताऱ्यांचं प्रतिबिंब घ्यायचं असेल तर काठावर जावंच लागणार, तिथे इलाज नाही. पण प्रतिबिंब नको असेल तर काठापासून थोडं वर चढल्यावरही फरक पडतो. कड्याच्या माथ्यावर झुळूक असते, आणि झुळूक काचेजवळची थंड झालेली हवा सतत बदलत राहते. वारा पडला की समजा, आता सुरू होणार.

गवतापेक्षा कातळ बरा. दिवसभर तापलेला कातळ रात्री बराच वेळ ऊब सोडत राहतो, आणि त्यावर गवताची ओलही नसते. हरिश्चंद्रगडासारख्या जागी असा उघडा कातळ शोधावा लागत नाही. ट्रायपॉड अगदी जमिनीसरशी लावायचा मोह गवताची पाती फ्रेममध्ये घेण्यासाठी होतो, पण निवांत रात्री सगळ्यात थंड आणि दमट हवा त्या पहिल्या वीतभरातच असते. छातीएवढी उंची ठेवली तर तास-अर्धा तास जास्त मिळू शकतो. तासाची किंमत काय? एका फ्रेमला २० सेकंदांचं एक्सपोजर आणि एका फ्रेमच्या सुरुवातीपासून पुढचीच्या सुरुवातीपर्यंत २३ सेकंदांचा इंटर्व्हल धरला, तर पंचवीस फ्रेमच्या वेगाने दहा सेकंदांच्या दृश्याला २५० फ्रेम, म्हणजे दीड तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. त्यात अर्धा तास फुकट मिळाला तर नको कोण म्हणेल.

हीटर: आधी तो, मग फोकस

आता मुख्य गोष्ट. लेन्सभोवती गुंडाळायची, यूएसबीवर चालणारी हीटरची पट्टी मिळते. तिचं काम काच तापवणं नाही. काच दवबिंदूच्या एखाद-दोन अंश वर राहिली की काम झालं. हात लावल्यावर लेन्स कोमट लागत असेल तर ते गरजेपेक्षा जास्तच.

पट्टी चढवण्याची वेळ महत्त्वाची. दव दिसल्यावर हीटर चालू केला तर बसलेलं पाणी उडवायला बराच वेळ जातो, आणि तेवढ्या सगळ्या फ्रेम जातातच. म्हणून तो सुरुवातीपासून चालू हवा. दुसरं असं की हीटरच्या उबेनेही लेन्सचा फोकस किंचित सरकतो. आधी फोकस करून मग हीटर लावला तर दव टळतं आणि तारे फुगतात. आणि मग ‘हीटर लावूनही तारे पुसट’ अशी तक्रार येते. क्रम असा ठेवा: ट्रायपॉड उभा करा, कॅमेरा चढवा, हीटर कमी पातळीवर चालू करा, अर्धा तास चहा प्या, मग फोकस करा, चिकटपट्टी लावा, चाचणीची एक फ्रेम मोठी करून बघा आणि मगच इंटर्व्हलोमीटर (ठरावीक अंतराने आपोआप क्लिक करणारं यंत्र) सुरू करा. त्यानंतर हीटरची पातळी बदलायची नाही. रात्रभर लागेल त्यापेक्षा जरा जास्तच पातळी सुरुवातीला ठेवलेली परवडते.

पट्टी कुठे बांधायची? पुढच्या काचेच्या जितकी जवळ जाईल तितकी. लेन्सच्या मध्यावर, फोकस रिंगवर बांधली तर ऊब पुढे पोचता पोचता विरते आणि रिंग हलायची भीती वेगळीच. फुगीर काचेच्या अतिविस्तृत लेन्सला हूड जोडलेलाच असतो. तिथे पट्टी हुडाच्या मुळाशी, बाहेरून, घट्ट बसवावी लागते. प्लॅस्टिकमधून उष्णता सावकाश जाते म्हणून अशा लेन्सला एक पातळी वर ठेवा.

यूव्ही फिल्टर काढून टाका. हे एकच काम केल्याने हीटर ‘सुधारल्याची’ उदाहरणं आहेत. पातळ काच भराभर थंड होते, तिच्यात आणि लेन्समध्ये हवेचा थर असतो, त्यामुळे हीटरची ऊब लेन्सला मिळते आणि दव मात्र फिल्टरवर बसतं. रात्री त्या फिल्टरचा तसाही काही उपयोग नाही.

कॅमेऱ्याच्या अंगाला लोकरी कानटोपी घालणारे लोक मी पाहिले आहेत. हसू येतं, पण विचार बरोबर आहे. वरून आकाशाकडे जाणारी उष्णता थोडी तरी अडते. इंटर्व्हलोमीटरची वायर आणि पडदा मोकळा राहील एवढं बघा.

पट्टी घरीही करता येते. ४७ ओहमचे, एक वॉटचे दहा रेझिस्टर समांतर जोडले तर पाच व्होल्टवर साधारण पाच वॉट मिळतात, म्हणजे एका अँपिअरच्या थोडा वर प्रवाह. पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हा माल किरकोळीत मिळतो. रेझिस्टर अर्ध्या वॉटचे घेऊ नका, प्रत्येकातून अर्ध्या वॉटपेक्षा किंचित जास्तच शक्ती जाते, ते भाजून निघतील. सांधे उष्णतेने आकसणाऱ्या नळीत बंद करा, मध्ये एक फ्यूज टाका आणि वरून कापडी पट्टीत शिवा. घरी टेबलावर दोन तास चालवून, हाताने चाचपून मगच लेन्सला बांधा.

पॉवर बँक मध्येच झोपते

हीटर होता, क्रमही बरोबर, तरी दोनच्या पुढे दव आलंच. अशा वेळी पहिला संशय पॉवर बँकेवर घ्या. २०,००० एमएएचचा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे सुमारे ७४ वॉट-तास. पाच व्होल्टमध्ये बदलताना काही वाया जातात, हाती साठेक उरतात. पाच वॉटचा हीटर त्यावर बारा तास चालेल, दहा वॉटचा सहाच तास. रात्री नऊला दहा वॉटवर चालू केलेला हीटर तीनला बंद पडला तर त्यात नवल नाही. आणि जुन्या पॉवर बँकेत हा हिशेबही पुरा भरत नाही.

दुसरं कारण जास्त छळणारं आहे. बऱ्याच पॉवर बँका प्रवाह फार कमी झाला की ‘फोन चार्ज झाला’ असं समजून स्वतःला बंद करतात. तापमान बघून आपोआप चालू-बंद होणाऱ्या पट्टीबरोबर असं होतं. पट्टी क्षणभर थांबली की बँक झोपते आणि मग पट्टीला उठवणारं कोणी नसतं. सकाळी बघावं तर बँक अर्धी भरलेली. यासाठी कमी प्रवाहावरही चालू राहणारी बँक निवडा, किंवा पट्टी सतत चालणाऱ्या साध्या पातळीवर ठेवा. काही स्वस्त पट्ट्यांना स्वतःचाच टायमर असतो आणि काही तासांनी त्या गप्प होतात. विकत घेतल्यावर घरीच रात्रभर चालवून बघा. गडावर नेऊन नव्हे.

कॅमेरा डमी बॅटरीवर (बॅटरीच्या जागी बसवून बाहेरून वीज देणाऱ्या जोडणीवर) चालवत असाल तर त्याला वेगळी बँक द्या. हीटरने बँक संपवली आणि त्यापायी कॅमेराही बंद पडला, तर दवाने बिघडलेल्या फ्रेमसुद्धा मिळत नाहीत.

हे सगळं ठीक असूनही काच धूसर होत असेल तर हवेतच धुकं आहे का ते बघा. कोकणकड्यावर पहाटे दरीतून वर येणारं धुकं हा दवाचा प्रकार नव्हे. ते थेंब हवेत तरंगत असतात, काच कितीही उबदार असली तरी समोरचं दृश्य स्वच्छ होणार नाही. अशा वेळी शूट थांबवू नका. धुकं दरीत परत उतरतं तो क्षण टाइमलॅप्समध्ये फार देखणा दिसतो, आणि हीटर चालू असल्यामुळे ते ओसरताच काच वापरण्याजोगी असते.

हीटर नाहीच, आणि रात्र तर आजचीच

लोहाचा चुरा असलेली हँड वॉर्मरची पाकिटं दोन-तीन घ्या आणि पायमोज्याच्या कापलेल्या नळीत घालून लेन्सच्या पुढच्या भागाभोवती बसवा. लोखंड हवेतल्या ऑक्सिजनशी जोडलं जाऊन ऊब मिळते. म्हणून पाकीट प्लॅस्टिकने घट्ट गुंडाळून टाकू नका, त्याला हवा लागते. ऊब एकसारखी राहत नाही, तासागणिक उतरते. पण चार-पाच तासांचं काम निभावतं.

पाच व्होल्टचा छोटा पंखाही चालतो. काचेवरून हवा सतत फिरती ठेवली की काच हवेच्या तापमानाच्या फार खाली जात नाही. तो ट्रायपॉडवर बांधू नका, थरथर फ्रेममध्ये उतरते. शेजारी दगडावर किंवा दुसऱ्या स्टँडवर ठेवा. हवा बाष्पाने जवळपास पूर्ण भरली की पंखाही हात टेकतो.

हूड असेल तो लावा. विस्तृत लेन्सचा हूड उथळ असतो, त्याने थोडा उशीर होतो, बस्स. काचेवर मारायचे धुकेरोधक फवारे टाळा. ते थेंबांचा सपाट थर करतात, पाणी काचेवरच राहतं आणि लेन्सच्या लेपाचं काय होईल ते वेगळंच.

काच तपासताना दोन फ्रेमच्या मधल्या वेळात, बाजूने, तिरपा मंद लाल उजेड टाका. दव असेल तर काच खरखरीत, निस्तेज दिसते. तोंड जवळ नेऊन बघू नका. थंडीत आपला श्वासच काचेवर बसतो. आणि पुसायचीच वेळ आली तर मायक्रोफायबर कापड घासू नका, हलकेच टेकवून पाणी टिपा. घासल्याने पाण्याचा पातळ पापुद्रा उरतो आणि प्रत्येक दिव्याला तिरप्या रेषा फुटतात. पुसल्यावर काच तितकीच थंड असते, त्यामुळे काही मिनिटांत दव परत येतं. पुसणं म्हणजे फक्त हीटर चालू करण्यापूर्वीची तयारी.

बिघडलेल्या फ्रेमचं काय करायचं

पहिलं काम, दव कुठून सुरू झालं ती फ्रेम शोधणं. सगळ्यात ठळक तारा पडद्यावर मोठा करून फ्रेम पळवा. वलय दिसू लागलं त्याच्या पंधरा-वीस फ्रेम आधीपासून बिघाड सुरू झालेला असतो, तिथून मोजा.

त्यापुढच्या थोड्या फ्रेम वाचवता येतात. टाइमलॅप्सच्या फ्रेम सुधारणाऱ्या एलआरटाइमलॅप्ससारख्या प्रणालीत की-फ्रेम (जिथून बदल सुरू किंवा संपतो त्या फ्रेम) लावून डीहेझ (धूसरपणा कमी करणारी सोय) आणि काळ्याची पातळी हळूहळू वाढवत न्या, म्हणजे डोंगराची कड पुन्हा काळी होते. फार ओढलंत तर वलयांना गलिच्छ कडा येतात. डीफ्लिकरवर विसंबू नका. तो उजेडाची चढउतार सारखी करतो. दवात मुख्यतः कॉन्ट्रास्ट जातो, त्याचं त्याला सोयरसुतक नसतं. आणि दिसेनासे झालेले अंधुक तारे कोणतीही स्लायडर परत आणत नाही.

अगदी सुरुवातीचं हलकं वलय मात्र तसंच ठेवायला हरकत नाही. ठळक ताऱ्यांचे रंग त्यात खुलतात: रोहिणीचा नारिंगी, व्याधाचा निळसर पांढरा. काही छायाचित्रकार यासाठी मुद्दाम धूसर फिल्टर लावतात. दृश्याच्या शेवटी पाच-दहा सेकंदांत आकाश मऊ होत जाणं डोळ्याला खटकत नाही, उलट संपल्यासारखं वाटतं. मधोमध पडलेलं दव मात्र खटकतंच, तिथे कापलेलं बरं. उरलेल्या स्वच्छ फ्रेम एकावर एक रचून ताऱ्यांच्या वर्तुळरेषांचं एक चांगलं चित्र निघतं. त्यात धूसर फ्रेम एकही मिसळू नका, नाहीतर प्रत्येक रेषेला झालर येते.

सकाळी आवरताना

उन्हं यायच्या आधी कॅमेरा, लेन्स सगळं गार आणि बाहेरून ओलं असतं. तसंच तंबूत नेलं तर आतल्या माणसांच्या श्वासाने दमट झालेली हवा त्यावर बसते, तीही थेट आतल्या काचांपर्यंत. बाहेरचं पाणी टिपून घ्या, सगळं झिपच्या पिशवीत बंद करा, आत सिलिका जेलची पुडी टाका आणि उन्हाने पिशवी गरम झाल्यावरच उघडा. मेमरी कार्ड काढायची घाई असेल तर पिशवीत घालण्यापूर्वीच काढून घ्या. घरी आल्यावर लेन्स एक दिवस कोरड्या डब्यात ठेवा. आपल्याकडच्या हवेत ओलसर बॅगेत बंद राहिलेल्या लेन्सला बुरशी धरते, आणि बुरशीचे धागे काचेच्या लेपावर कायमची खूण सोडतात. बॅगेचे फोमचे कप्पेही उन्हात टाका, ओल त्यांच्यातच सगळ्यात जास्त दिवस मुरून राहते. हीटरची पट्टी घडी घालून कोंबू नका, सैल गुंडाळा. आतली तार नेहमी एकाच घडीवर तुटते, आणि ती तुटल्याचं रात्री अकराला कळतं.